उचललेलं ताट

अन्नपूर्णा, इंदूर
९ ऑगस्ट २०२४

प्रिय पंचशील,

सप्रेम नमस्कार.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर माझा नमस्कार एका टिकवर अडकून पडला आहे, म्हणजे तू मला ब्लॉक केलं आहेस. योग्यच केलंस. आमच्या घरच्यांना मीही केलं असतं, पण मला त्यांच्यातच जेवायला बसावं लागतं. तुझा जबलपूरचा पत्ता महूला जाऊन तुझ्या काकूंकडून घेतला. त्यांनी चहा लगेच दिला, पत्ता द्यायला बराच वेळ घेतला, आणि दारात म्हणाल्या, "लिहा, पण त्याला परत रडवू नका."

विषय यशचा आहे, तेव्हा त्यांची अट पाळता येईलसं वाटत नाही.

तुझ्या मित्राची ही बहीण पुण्याहून परत येऊन आता इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. यशच्या मेंदूतून ऑपरेशनमध्ये जो तुकडा काढला होता, तो अजून आहे. फॉर्मलिनमध्ये मुरवून मेणाच्या लहानशा ठोकळ्यात बसवलेला. आम्ही त्याला ब्लॉक म्हणतो. या गावात जुनं काही कोणी जपत नाही. ब्लॉक तेवढे जपले जातात, कारण ते फेकायच्या कागदावर सही करायला कोणी धजत नाही.

आता अशा ब्लॉकमधून जंतूचा डीएनए काढून तो नेमका कोणता होता हे ओळखता येतं. जुने, शंकेचे ब्लॉक पुन्हा तपासायचं काम आमच्याकडे सुरू झालं आहे. २०११ चा रिपोर्ट तुला पाठ असेल. मेंदूत परजीवीची गाठ, बहुधा डुकराच्या टेपवर्मची. आमच्या घरी त्या वाक्यातला "बहुधा" सोडून सगळे शब्द वाचले गेले.

अस्मिताची, म्हणजे यशच्या बायकोची, लेखी संमती लागते. ती देईल. तुझी कायद्याने लागत नाही. मला लागते. यशच्या तेराव्याच्या पंगतीत आमच्या आबांनी तुझ्या पुढ्यातलं वाढलेलं ताट उचलायला लावलं, तेव्हा मी वाढत होते. तू वरणभात कालवला होतास. भाताचा हात तसाच धरून नळापर्यंत गेलास आणि तिथूनच निघून गेलास. माझ्या हातात तुपाची वाटी होती. मी ती धरून उभी राहिले.

तपासू का?

तुझी
पूर्णिमाताई


जबलपूर
२६ ऑगस्ट २०२४

ताई,

सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं. नको.

आत्ता शक आहे. शक असला की माणूस एका कुशीवर नाही तर दुसऱ्या कुशीवर झोपू शकतो. तुम्ही मशीनमधून काढून दिलं की ते पक्कं. मग मी कोणत्या कुशीवर झोपायचं?

आबांसाठी करत असाल तर त्यांना आता आणखी काय पाहिजे? सजा सुनावून झाली, मी ती काटतोही आहे. महूला फक्त चौदा एप्रिलला जातो, गर्दीत कोणी विचारत नाही. इंदूरची गाडी घेत नाही. खंडव्याला उतरून बसने जातो. लोकांना वाटतं याला फिरायची हौस आहे.

यशला मेणात राहू द्या. तिथे त्याला कोणी काही विचारत नाही.

आपला
पंचशील


अन्नपूर्णा, इंदूर
५ सप्टेंबर २०२४

प्रिय पंचशील,

तुझं पत्र वाचून राग आला. राग आला की मी नीट लिहिते, म्हणून आजच बसले.

सजा म्हणे. अरे भिया, पुरावा न बघता सुनावलेल्या सजेला आमच्या घरी संस्कार म्हणतात. बडा गणपतीच्या आमच्या घरात दर रविवारी बोकडाचं शिजतं. पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते, तेव्हा मटण म्हणजे मर्दानगी. मांसाला आमच्याकडे कोणाचाच विरोध नव्हता. कोणाच्या घरी बसून खाल्लं, याला होता. आणि तू त्या निकालावर सही करून जबलपूरला जाऊन बसलास. मला यात दुःखापेक्षा अहंकार जास्त दिसतो. अपमान झाला म्हणून तू सत्यालाही ब्लॉक करणार?

घरची खबर सांगते. अस्मिता श्रेयाला घेऊन देवासहून परत आली, गेल्या वर्षीच. यशची ती एवढीशी पोर आता चौदाची आहे. आबांना ऐंशीव्या वर्षी नात मिळाली आणि ते एकदम सुधारक झाले. तुला आमची चंपाषष्ठी आठवत असेल. खंडोबाचा नैवेद्य, वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे, पितळी ताटात. ताट आबांनी धरायचं, आधी देवाच्या कुत्र्याने, म्हणजे वाघ्याने तोंड लावायचं, आणि मग त्याच ताटात घरच्या मोठ्या मुलाने जेवायचं. यश लहानपणापासून जेवायचा आणि तू दाराशी उभा राहून हसायचास. यश गेल्यापासून ताट माळ्यावर होतं. यंदा आबांनी जाहीर केलं आहे की हा मान श्रेयाचा, मुलगा-मुलगी भेद नाही. नातेवाईकांनी टाळ्या वाजवल्या. सुधारणा आमच्याकडे नेहमी ताटापर्यंत येते.

असो. अस्मिताने सही दिली आहे. ती म्हणाली, "ताई, मला त्यांच्याबद्दल एक तरी गोष्ट खात्रीची हवी आहे."

तू एवढंच सांग. भीती कशाची वाटते?

पूर्णिमाताई


जबलपूर
२२ सप्टेंबर २०२४

ताई,

जय भीम.

अहंकार नाही. भीती खरं निघण्याची वाटते.

माझ्या चुलतबहिणीच्या साखरपुड्याला यश महूला आला होता. आईने पोर्क केलं होतं. यशने मागितलं, आईने वाढलं नाही. म्हणाली, तुमच्या घरी कळलं तर नाव आमचं होईल. तर त्याने माझ्या ताटात हात घातला. आम्ही दोघं एकाच ताटात जेवलो. आई ओरडत होती आणि हसतही होती.

नंतर त्याला झटके आले, ॲडमिट केलं. डॉक्टरांनी विचारलं, पोर्क खाता है क्या? आबा म्हणाले, हमारे यहाँ सवाल ही नहीं. मला वाटलं, खोटं सांगितलं तर इलाज चुकेल. मी म्हणालो, "खाया है सर, मेरे घर पे." डॉक्टरांनी लिहून घेतलं. आबांनी माझ्याकडे बघितलं. त्यामुळे तेराव्याला ताट उचललं ते मला नवीन नव्हतं. ताट त्याच दिवशी उठलं होतं.

आईला मी काही सांगितलं नाही. काकूने सांगितलं असणार. त्यानंतर आईने ते घरात शिजवलं नाही, कारण विचारलं तर म्हणायची दात दुखतात. करोनात ती गेली. जाईपर्यंत तिला वाटत होतं की ते तिच्या हातचं होतं. हे माझ्याशी ती कधी बोलली नाही, पण यशच्या तारखेला ती जेवायची नाही.

आता तुम्ही विचारलंच आहे तर करा. पण जे निघेल ते मला सरळ लिहा. गोड करून नाही.

पंचशील


अन्नपूर्णा, इंदूर
१६ ऑक्टोबर २०२४

प्रिय पंचशील,

अहंकार हा शब्द मी परत घेते. माझ्याकडे शब्द भरपूर आहेत, एखादा कमी झाला तर बरंच.

आधी एक गोष्ट, गोड न करता, पुस्तकात आहे तशी. डुकराचं कच्चं मांस खाल्लं तर टेपवर्म आतड्यात होतो. मेंदूत गाठ होते ती त्याची अंडी पोटात गेल्यावर, आणि अंडी मांसातून येत नाहीत. न धुतलेले हात, घाण पाणी, कच्ची भाजी यांतून येतात. शुद्ध शाकाहारी लोकांनाही होते. म्हणजे जंतू तोच निघाला तरी तुझ्या आईच्या पातेल्यातून तो यशच्या डोक्यात गेलेला नाही. हे मी तेव्हाच आबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "तू डॉक्टर आहेस की त्याची वकील?" मी गप्प बसले आणि पुण्याला गेले. तुला सांगायला हवं होतं हे तेव्हा सुचलं नाही. आमच्या घरात ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याशी बोलायची पद्धत नाही.

आता कामाचं. ब्लॉकमधून केसाहून पातळ काप काढतात, मेण विरघळवतात आणि उरलेल्या कणभर मांसातून डीएनए काढतात. फॉर्मलिनने मांस टिकतं, पण डीएनएचा धागा तुटत जातो. इतक्या वर्षांत त्याचा पार भुसा होतो. त्यात माणसाचाही असतो आणि जंतूचाही. आपण हव्या त्या धाग्याचा लहानसा तुकडा शोधायचा, त्याच्या लाखो प्रती करायच्या आणि वाचायचं.

घरचं माणूस म्हणून मी हात लावायचा नाही असं ठरलं होतं. माझ्या सहकारी प्राचीला फक्त नंबर दिला होता. परवा ती दारात येऊन म्हणाली, "मॅडम, उस पुराने ब्लॉक में कुछ नहीं मिला. सिर्फ पेशंट आ रहा है."

मी जिन्यात जाऊन बसले. पंचशील, त्या नळीत फक्त यश होता.

प्राची आता आणखी लहान तुकडा शोधणार आहे, आणि एकाच जंतूचा न शोधता त्याच्या सगळ्या नातेवाइकांचा. वेळ लागेल. तू जेवत जा.

पूर्णिमाताई


अन्नपूर्णा, इंदूर
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय पंचशील,

तुझं उत्तर आलं नाही, पण निकाल आला आहे. दोनदा करून घेतला, आणि दुसऱ्या गावच्या लॅबला आमचा निकाल न सांगता नमुना पाठवून तिथूनही तपासून घेतला. तिन्ही वेळा एकच.

डुकराचा टेपवर्म नाही. तो नव्हताच.

जो आहे तो कुत्र्याच्या पोटात राहतो. कुत्र्याने मेंढी-बोकडाची कच्ची आतडी, काळीज असलं काही खाल्लं की त्यातून त्याला होतो. कुत्रा धडधाकट दिसतो. अंडी त्याच्या विष्ठेत, केसांत, आणि तो स्वतःला चाटतो म्हणून तोंडाला. माणसाच्या पोटात गेली की गाठ वर्षानुवर्षं गुपचूप वाढते, बहुतेक वेळा लिव्हरमध्ये, क्वचित मेंदूत. यशची क्वचितातली.

कागद वाचून झाला आणि मला भर लॅबमध्ये भरताचा वास आला.

रविवारी मटणवाल्याकडून छिछडे, म्हणजे आतडी-काळजाचे टाकाऊ तुकडे, यायचे, वाघ्यासाठी, कच्चेच. आबा स्वतः घालायचे, देवाची सेवा म्हणून. आणि चंपाषष्ठीला त्याच तोंडाने ताटाला पहिला घास. हे दरवर्षी. शिवाय यश एरवीही त्या कुत्र्याच्या गळ्यात पडलेला असायचा. कोणत्या दिवशी, कोणत्या घासाला झालं, हे कोणतंही यंत्र सांगणार नाही. मी ताटावर आरोप ठेवत नाही, "बहुधा" एवढंच म्हणते. आमच्या घरी गाळलेला हा शब्द आता मी पुरा वाचणार आहे.

तेव्हा डॉक्टरांनी पोर्कचं विचारलं आणि तू खरं सांगितलंस. ते केसपेपरवर चढलं, तिथून पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात. सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचा फक्त फाटका पापुद्रा होता, त्याला तुझ्या वाक्याचा आधार मिळाला. कुत्रा आहे का, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर आबांनी अभिमानाने सांगितलं असतं.

तू विचारशील म्हणून आधीच लिहिते. तू गप्प बसला असतास तरी यश वाचला नसता. ऑपरेशन सूज बघून झालं, तो शुद्धीवर आलाच नाही, आणि रिपोर्ट आला तो नंतर. त्या कागदाचा उपयोग इलाजाला झालाच नाही, फक्त आरोपाला झाला.

तुझ्या आईला हे कळायला हवं होतं. आम्ही उशीर केला. जिथे सांगायचं तिथे तू सांग.

आता माझ्यापुढचं. सात डिसेंबरला श्रेया त्या ताटावर बसणार आहे. ताट आबा धरणार आहेत.

पूर्णिमाताई


जबलपूर
१९ नोव्हेंबर २०२४

ताई,

जय भीम.

तुमचं पत्र आईच्या फोटोपुढे मोठ्याने वाचलं. शेजारच्यांना वाटलं टीव्ही चालू आहे. आणखी काही लिहीत नाही, लिहिता येत नाही.

पण आता माझं ऐका. आबांना सांगू नका.

माझ्यावर आलं तेव्हा मी पस्तिशीच्या आत होतो. नोकरी होती, दुसरं गाव होतं, सवय करून घ्यायला वेळ होता. ते ऐंशीचे आहेत. बापाला असं सांगायचं की ताट तुम्हीच पुढे केलं होतं? यश असता तर त्याने सांगू दिलं असतं का? मला ओझ्याची आदत झाली आहे. एका माणसाने उचललेलं आहे तर दुसऱ्याच्या डोक्यावर कशाला द्यायचं?

श्रेयाला काहीतरी बहाणा करून थांबवा. वाघ्याला जंताची गोळी द्या, छिछडे बंद करा. माझं नाव जिथे आहे तिथे राहू द्या. तुम्हाला आणि मला माहीत आहे, तेवढं मला पुरे आहे.

पंचशील


अन्नपूर्णा, इंदूर
२९ नोव्हेंबर २०२४

प्रिय पंचशील,

तुझं ऐकून पाहिलं. बहाणे केले. श्रेयाची परीक्षा आहे असं मी म्हणाले, तर आबा म्हणाले जेवायला किती वेळ लागतो. बाजरी तिला सोसत नाही म्हणाले, तर गव्हाचे रोडगे ठरले. शेवटी मी, विज्ञान शिकलेल्या बाईने, तिची पाळी पुढे केली. आबा म्हणाले, "देवाला चालतं. लोकांना मी बघतो." आयुष्यभर ज्या सुधारणेची वाट पाहिली ती नेमकी नको तेव्हा आली.

आणि श्रेया हट्टाला पेटली. म्हणे बाबा करायचे ते मी करणार. तिला ते कुत्र्याचं ताट नको आहे, तिला तिचा बाप हवा आहे. अशा पोरीला बहाण्यावर किती वर्षं थांबवणार? कारण सांगावं लागतं, पंचशील. या घराने एकदा कारण न विचारता काम केलं, त्याचं काय झालं ते तू पाहिलंस.

म्हणून काल सांगितलं. आबा अंगणात खाटेवर होते, वाघ्या पायाशी. हा तिसरा वाघ्या, फार प्रेमळ. मी सगळं सांगितलं, तू हॉस्पिटलमध्ये का बोललास तेही, आणि तुझं शेवटचं पत्र वाचून दाखवलं. तुझी परवानगी घेतली नाही. आमच्या घरची खोड आहे.

पत्र संपल्यावर आबा म्हणाले, "ताटात आधी कोण तोंड लावायचं?"

"वाघ्या."

"मग?"

"मग यश."

ताट कोण धरायचं हे त्यांनी विचारलं नाही. वाघ्याने डोकं त्यांच्या पायावर ठेवलं होतं, त्यांनी पाय काढला नाही. गल्लीत कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येऊन गेली. आमचं शहर स्वच्छतेत पहिलं आहे. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, आणि आमच्यासारख्यांच्या मनातला घ्यायला अजून गाडी निघालेली नाही.

मग म्हणाले, "त्या पोराकडे यशने कोणत्या ताटात खाल्लं?"

"त्याच्याच ताटात. दोघांनी मिळून."

नंतर ते बोलले, मला उद्देशून नाही, समोरच्या भिंतीला.

"म्हणजे चांगलं ताट मी उचललं."

उठले, आत गेले, जेवले नाहीत. आज सकाळी मी गेले तर वाघ्याला गुळात गोळी त्यांनी स्वतः दिलेली होती. श्रेयाची सोनोग्राफी करून घेतली आहे. काही नाही, साफ आहे. तिलाही खरं कारण सांगितलं. ती रडली, मग वाघ्याला भेटून आली, आणि मग न सांगता साबणाने हात धुतले.

तू माझ्यावर रागावशील. रागाव. पण ब्लॉक आता काढ.

पूर्णिमाताई


बडा गणपती, इंदूर
१ डिसेंबर २०२४

पंचशील,

वर काय लिहायचं ते मला कळलं नाही. प्रिय लिहायचा हक्क नाही आणि चिरंजीव लिहावं तर तेव्हाच मानायला हवं होतं. म्हणून जागा सोडली आहे.

पूर्णिमाने सगळं सांगितलं. मला सांगू नये असं तू तिला लिहिलंस, तेही ऐकलं. तू माझ्यावर दया केलीस. मला दयेची सवय नाही, करायची नाही आणि घ्यायचीही नाही. पण तुझी ठेवून घेतो.

माफी तुझ्या आईची मागायची होती. ते राहिलं ते राहिलं. तिच्या हातचं यश आवडीने जेवला, हे मला आता ऐकायला बरं वाटतं.

शनिवारी चंपाषष्ठी आहे. पितळी ताट वाघ्याला देऊन टाकलं. तो अंगणात एकटा जेवेल, देवाची त्याला हरकत नसावी. श्रेया पाटावर बसेल. भरीत-रोडगे आहेत, मटण नाही. तुझ्या-माझ्यासाठी एकच ताट मांडणार आहे. साधं, स्टीलचं, घरात रोज असतं ते. पहिला घास तुझा, मग माझा. मला गोड लागेल की नाही माहीत नाही, पण त्याच ताटात जेवेन.

खंडव्यावरून येऊ नकोस. सरळ इंदूरच्या गाडीने ये. मी स्टेशनवर येईन. तू मला ओळखशील, मी आता काठी घेतो.

नाही आलास तर तेही बरोबर आहे. ताट वाढलेलं राहील. या वेळी कोणी उचलणार नाही.

कृष्णराव